सोफ्याच्या पाठीवरचे धागे

"चार वाजता तो माणूस तिला न्यायला येणार आहे," ती म्हणाली. "आत्ता अकरा वाजून दहा मिनिटं झालीत. मला चारच्या आत उत्तर हवंय."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कुणाला न्यायला?"

"मांजरीला."

खिडकीपाशी बसलेल्या मास्तरांनी वर्तमानपत्र हळूच वर केलं, तोंड झाकेल इतपत.

"मास्तर, हसू नका," बाई म्हणाल्या. "यांनी चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या घातल्यात. अशी माणसं थट्टा करायला येत नाहीत."

मास्तरांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि वही उघडली.

बाईंनी वीस वर्षं एका प्रयोगशाळेत धागे, केस आणि मातीचे कण तपासण्यात घालवली होती. नोकरी सोडल्यावर त्यांनी ही खोली भाड्यानं घेतली आणि दारावर फक्त 'खासगी तपास' एवढं लिहिलं. मास्तर खालच्या मजल्यावर राहत. भूगोल शिकवून निवृत्त झालेले. अक्षर सुरेख, स्वभाव सरळ, आणि अंदाज हटकून चुकीचे.

समोर बसलेली ती एका वाचनालयात ग्रंथपाल होती. तिशी ओलांडलेली. ती बोलताना शब्द मोजून टाकत होती, मध्येच थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही अशी भीती असल्यासारखी.

"आमच्या बाबांना सात महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. लिहिताही येत नाही, अक्षरं लागत नाहीत. ते फक्त शाईशी काहीतरी पुटपुटतात. शाई म्हणजे आमची मांजर, काळी आहे म्हणून. रविवारी दादानं तिला न्हाणीघरात कोंडलं. तेव्हापासून बाबांनी घास घेतलेला नाही. आज बुधवार. चमचा ओठाला लावला की दात आवळतात."

"डॉक्टर?"

"उद्या नळी घालू म्हणतात. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, माणसानं जगायचं नाही असं ठरवलं की नळीनं फारसं काही होत नाही."

ती थांबली. मास्तरांचं पेनही थांबलं.

"आणि मांजरीचा गुन्हा काय?" बाईंनी विचारलं.

"वहिनीच्या नव्या सोफ्याचं कापड फाडलं. रोज थोडं थोडं, महिनाभर. दादाच्या ओळखीच्या एका माणसाचं धान्याचं गोदाम आहे, तिथं उंदीर झालेत. तो नेणार. शाईनं जन्मात उंबरा ओलांडलेला नाही हो. चार दिवस नाही टिकायची ती."

"ती निर्दोष आहे असं तुम्हाला वाटतं?"

"मला माहीत नाही. मी दिवसभर कामावर असते. तिनं केलं असेल तर तसं सांगा. पण कुणीतरी एकदा नीट बघा. आमच्या घरात आता कुणी काही बघतच नाही, सगळे फक्त ओरडतात."

बाईंनी कपाटातून भिंग, चिमटा आणि कागदाच्या पुड्या काढल्या. "मास्तर, तुम्हाला मांजराचं वावडं आहे ना?"

"शिंका येतात."

"रुमाल दोन घ्या."

*

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं की डाव्या हाताला चपलांचं कपाट, समोर लांबट बैठकीची खोली. खोलीच्या अगदी पलीकडच्या टोकाला, खिडकीत, एक जुनी कापडी खुर्ची. दार आणि खुर्ची यांच्या मध्ये सोफा, खोलीचे लांबीच्या दिशेनं दोन भाग करत, दूरदर्शनकडे तोंड करून ठेवलेला. त्याच्या पाठीमागून दारापासून खुर्चीपर्यंत एक अरुंद वाट जात होती.

खुर्चीत बाबा बसले होते. मोठ्या हाडाचा माणूस, पण अंगावरचा सदरा हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता. उजव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टिकचा साचा बांधला होता, बोटं आखडू नयेत म्हणून. ते न्हाणीघराच्या बंद दाराकडे बघत होते. कुणी आलं तरी नजर हलली नाही.

बाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. "नमस्कार. मी शाईसाठी आले आहे."

बाबांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी भरलं. त्यांचा डावा हात उठला आणि पुन्हा मांडीवर पडला. हात उचलून धरायचीही ताकद उरली नव्हती.

त्या हाताच्या पहिल्या बोटावर एक खोल आडवी खाच होती.

"ही कसली?" बाईंनी मुलीला विचारलं.

"धाग्याची. बाबा खेळाच्या सामानाच्या कारखान्यात होते. बॅटींच्या मुठींना दोरा गुंडाळायचे, चाळीस वर्षं. डावरे आहेत."

बाबांची सकाळची कामं करायला येणाऱ्या मावशी निघायच्या तयारीत होत्या. त्या दहा ते बारा येत आणि संध्याकाळी पुन्हा तासभर.

"मांजराचं काय विचारता ताई?" त्या म्हणाल्या. "मला तर भीतीच वाटते तिची. पण खोटं कशाला बोलू, सोफ्यावर नख्या मारताना मी काही पाहिली नाही. मी बारालाच जाते ना. हां, बाबांच्या हाताचा त्रास मात्र तिच्यामुळंच. हे बघा."

त्यांनी साच्याचा पट्टा सोडला. कर्र असा आवाज झाला. साच्याच्या बाहेरच्या अंगाला वेल्क्रोची पट्टी चिकटवलेली होती, दोन बोटं रुंद, बारीक आकड्यांची. आकड्यांत लव गच्च भरली होती.

"संध्याकाळी येते तर पट्टा सुटलेला नाहीतर सैल. दोनदा नवी पट्टी आणली. पुन्हा तेच. मांजराचे केस बसतात त्यात. आता मी वरून नाडी बांधते."

बाईंनी चिमट्यानं ती लव थोडी काढली. धुळीनं मळलेली, तांबूस. ती पुडीत गेली.

"आणि एक," मावशी आवाज खाली आणून म्हणाल्या, "तो मांजराचा नख्या घासायचा खांब. मी सकाळी येते तर चपलांच्या कपाटाशी. संध्याकाळी बघावं तर इकडं, बाबांच्या खुर्चीशी. वहिनींना उचलाठेव करायची सवयच आहे. मी आपली बोलत नाही."

*

वहिनी आतल्या खोलीत शिवणयंत्राशी होत्या. त्या बाहेर आल्या त्या हाताची घडी घालूनच.

"तपास करा, खुशाल करा. माझी साक्ष लिहून घ्या. सात महिने मी या घरात दोन हातांनी चार माणसांचं करतेय. कुणी एकदा तरी विचारलं, तुला काय हवं? हा सोफा मी स्वतः मढवलाय. कापड निवडलं, बेतलं, दोन महिने शिवलं. वर्षभरात स्वतःसाठी केलेली एवढी एकच गोष्ट. आणि त्याचं काय झालंय ते बघा."

सोफ्याचं कापड डाळिंबी रंगाचं होतं, जाड, बारीक वेटोळ्यांच्या विणीचं. पुढची बाजू, हात, बैठक, सगळं नवं कोरं. पण पाठीचा वरचा काठ विस्कटलेला होता. वेटोळी ओढली जाऊन उभी राहिली होती, काही तुटून लोंबत होती.

बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. भिंग काठावरून दारापासून खिडकीपर्यंत गेलं आणि परत आलं.

"मास्तर, लिहा. आडवा पट्टा, दोन बोटं रुंद. वेटोळी सगळी खिडकीकडे ओढलेली. मांजराचे केस नाहीत. तुम्हाला शिंक येते का इथं?"

"अजून नाही."

"आणि इथं?" बाई बाबांच्या खुर्चीपाशी गेल्या.

मास्तरांना सलग तीन शिंका आल्या. वहिनींना नको असताना हसू आलं.

खुर्चीच्या बाजूला खालपासून हातभर उंचीपर्यंत जुने ओरखडे होते. उभे, समांतर, वरच्या टोकाला बारीक भोक आणि खाली शेपटासारखे निमुळते. "हे तिचेच," वहिनी म्हणाल्या. "सहा महिन्यांपूर्वीचे. म्हणून तर यांनी तो खांब आणला. दोन महिने तिनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. डुगडुगायचा नुसता."

"आणि नंतर?"

"नंतर घासायला लागली. तिचं डोकं फिरलं असेल. पण खांबावर घासते म्हणून सोफा सोडला नाही."

बाई गुडघ्यांवर बसून खुर्चीखालची फरशी चाचपत होत्या. त्यांनी चिमट्यानं काहीतरी उचललं. चंद्रकोरीसारखं, पारदर्शक, नखाच्या टरफलासारखं. मग आणखी दोन. "नख्यांवरची जुनी साल. मांजर जिथं नख्या घासतं तिथं पडते." मग त्या सोफ्यामागच्या वाटेत गेल्या, टोकापासून टोकापर्यंत रांगल्या आणि रिकाम्या हातानं उठल्या.

"तुम्ही तिला सोफ्यावर नख्या मारताना पाहिलंत?"

"ऐकलं. रोज दुपारी. मी आत मशीनवर असते. मध्येच मशीन थांबलं की कर्र! एवढं स्पष्ट. मी आतूनच ओरडते, शुक शुक. सुईखाली कापड असताना उठता येतं का दर वेळी? तासाभरानं बाहेर यावं तर नवे धागे निघालेले. बाबा खुर्चीत, महाराणी त्यांच्या पायाशी."

"किती वेळा व्हायचं कर्र?"

"एकदा. मग शांत."

"एकदाच?"

"एकदा काय कमी झालं? आणि रविवारी तिला कोंडली, तेव्हापासून एक धागा हललेला नाही. आणखी काय पुरावा हवा तुम्हाला?"

मास्तरांनी ते वाक्य लिहून खाली दोन रेघा मारल्या.

"खांब कुठं असतो?"

"चपलांच्या कपाटाशी. बैठकीत तो शोभतो का? पण मावशी रोज उचलून इथं आणतात, मी रोज परत ठेवते. आता मांजरच कोंडल्यावर तो बिचारा तीन दिवस जागेवर आहे. गॅलरीतली माझी कपड्याची दोरीसुद्धा मावशींनीच कुठंतरी गमावली. विचारलं तर म्हणतात, मी नाही बाई."

खांब मांडीएवढ्या उंचीचा होता, खाली चौकोनी फळी. बाईंनी तो हलवून पाहिला. डुगडुगला नाही. फळी आणि खांबाच्या सांध्यात दोरीचे वेढे इतके घट्ट आवळले होते की सुई शिरली नसती. खांबाच्या वरच्या अर्ध्या भागावरही वेगळीच दोरी होती, पांढुरकी, ओळीनं बसवलेली, मांजराच्या नख्यांनी पिंजून निघालेली.

"मास्तर, या दोरीचं टोक शोधा."

मास्तरांनी खांब उलटासुलटा केला. "गाठ नाही. खिळा नाही. डिंकही नाही. टोकच नाही हिला!"

"असेल तसा दुकानातून आला," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर यांनी केलं असेल काहीतरी."

*

गॅलरीत मास्तरांनी बाईंना गाठलं. दीड वाजत आला होता.

"माझं मत सांगू? वहिनी. कात्री, सुई, सगळं हाताशी. मांजर नकोय, बाबांचं करून थकल्यात."

"स्वतः दोन महिने शिवलेलं कापड? मास्तर, त्या बोलताना सोफ्याच्या काठावरून हात फिरवत होत्या. आणि हे धागे कापलेले नाहीत. ओढलेले आहेत."

"मग मावशी. मांजराला घाबरतात."

"त्या बाराला जातात. आवाज दुपारी होतो."

"म्हणजे मांजरच?" मास्तरांचा चेहरा उतरला. आत ग्रंथपाल वडिलांच्या ओठांना ओला कापूस लावत होती. "ती कोंडल्यावर सगळं थांबलं, हे तर कुणी नाकारू शकत नाही."

"नाही. कुणीच नाकारू नये," बाई म्हणाल्या. "तोच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे."

दादा दोन वाजता आला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. चपला काढून त्यानं त्या कपाटात नीट ओळीत ठेवल्या आणि अनोळखी माणसं पाहून बहिणीकडे वळला.

"झालं समाधान? मांजरासाठी गुप्तहेर! तिकडं बाबा सुकत चाललेत आणि तू..."

"बाबा तिच्यासाठीच सुकतायत, दादा."

"मग मी काय करू? सांग ना, काय करू? दोन महिन्यांपूर्वी ते न्हाणीघरात पडले तेव्हा मी एकटा होतो घरी. कपाळातून रक्त. मला वाटलं, गेले." त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. "तेव्हापासून काठी मी माळ्यावर टाकली. काठी हाताशी असली की उठायचा मोह होतो. त्यांना बजावलं, पुन्हा एकटे उठलात तर मला आवडणार नाही. ते मांजरही असंच पायात येतं. सोफा हे निमित्त हो, बाई. मला ते घरातच नको. ते पायात आलं आणि बाबा पुन्हा पडले तर?"

"पण आता ते उठतच नाहीत ना?" बाईंनी विचारलं.

"नाहीत. म्हणजे... नाहीत."

"खांब तुम्ही दुरुस्त केलात?"

"मी? मला खिळा ठोकता येत नाही."

"रविवारी तुम्ही मांजर उचललंत तेव्हा बाबांनी काय केलं?"

दादानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चिडले. डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि खुर्चीच्या हातावर आपटायला लागले. मग तो हात सोफ्याकडे करायचे. पुन्हा आपटायचे. मला वाटलं, त्यांनाही सोफ्याचं वाईट वाटतंय. मी म्हणालो, बाबा, काळजी करू नका, तिला घालवतोच मी. तर रडायलाच लागले."

बाईंनी बाबांच्या साच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तो साच्याचा हात आपटत होते. आणि सोफ्याकडे दाखवत होते."

"हो. का?"

उत्तर न देता त्या न्हाणीघरात गेल्या. शाई नळाखाली बादलीमागे अंग चोरून बसली होती. ताटलीतलं अन्न तसंच होतं. दाराच्या खालच्या कडेवर मात्र ओल्या लाकडाचे पापुद्रे निघाले होते. उभे, समांतर, वर भोक, खाली निमुळते.

बाहेर घंटी वाजली. सव्वातीन झाले होते. गोदामवाला लवकर आला होता, हातात तारेचा पिंजरा घेऊन.

*

"पाच मिनिटं," बाई म्हणाल्या. "सगळे इथं बसा. सोफ्यावर नको."

गोदामवाला दारातच उभा राहिला. मास्तरांनी वही उघडली. ग्रंथपाल बाबांच्या खुर्चीला धरून उभी होती.

"मांजर नख्या घासतं ते अंग ताणून, वरून खाली, आणि पुन्हा पुन्हा. कर्र कर्र कर्र. खुर्चीवरचे ओरखडे तसे आहेत. न्हाणीघराच्या दारावरचे तसे आहेत. सोफ्यावरचे तसे नाहीत. तिथं खुणा आडव्या आहेत, एकच पट्टा, दोन बोटं रुंद. तिथं मांजराचा केस नाही, नखाची साल नाही. आणि वहिनी, तुम्ही आवाज ऐकलात तो रोज एकदाच."

"मग तो कसला होता?" वहिनी म्हणाल्या.

बाईंनी वाकून बाबांच्या साच्याची नाडी सोडली आणि पट्टा ओढला.

कर्र.

वहिनींचा हात तोंडाशी गेला. "हाच!"

"मांजर रोज सोफा फाडते हे डोक्यात पक्कं बसलं होतं, म्हणून तुम्हाला यात मांजर ऐकू आलं. पट्टा सुटला की हे आकडे उघडे पडतात. त्यांची रुंदी दोन बोटं. सोफ्याच्या कापडावर ते घासले तर काय होईल?" त्यांनी पुडी उघडली. "मावशी याला मांजराचे केस म्हणतात. पण शाई काळी आहे. ही लव तांबूस आहे. धूळ झटकली तर डाळिंबी."

"पण बाबांचा हात सोफ्याला कसा लागेल?" दादा म्हणाला. "तो खुर्चीपासून..."

तो बोलता बोलता थांबला.

"तीच गोष्ट मला खांबानं सांगितली," बाई म्हणाल्या. "दुकानातून आला तो डुगडुगता. डुगडुगत्या खांबावर मांजर नख्या घासत नाही, त्याला अंग टाकून ताणायला आधार लागतो. आणि तो ठेवला होता दारात. मांजर झोपून उठतं तिथंच नख्या घासतं, आणि ही झोपते खुर्चीशी. हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. एका माणसाला होतं, कारण तो दिवसभर तिच्याकडेच बघत होता. गॅलरीतली दोरी गेली. खांबाचा सांधा आवळला गेला. वर नवी दोरी चढली, आणि तिचं टोक वेढ्यांच्या खालून ओढून घेतलं, गाठ न मारता. या घरात असं काम कुणाला येतं?"

ग्रंथपालनं वडिलांच्या बोटावरच्या खाचेकडे पाहिलं. "एका हातानं?"

"खांब गुडघ्यांत धरून, तो फिरवत. वेळ भरपूर होता. मावशी म्हणतात खांब वहिनी हलवतात, वहिनी म्हणतात मावशी हलवतात. दोघीही खरं बोलतात. काठी माळ्यावर गेली होती. म्हणून हे रोज दुपारी पट्टा सोडायचे, बोटं मोकळी करायचे आणि उठायचे. जाताना सोफा डाव्या हाताला येतो. चांगल्या हातानं त्याला धरून दारापर्यंत. येताना त्या चांगल्या हातात खांब, काठीसारखा टेकवत. मग सोफ्यावर टाकायला उरतो हा उजवा हात. त्याला अडकवून, ओढत, खिडकीपर्यंत. म्हणून सगळी वेटोळी खिडकीकडे झुकलेली आहेत. जातानाची एकही खूण नाही."

बाईंनी सोफ्याच्या विस्कटलेल्या काठावरून बोट फिरवलं.

"तिनं सोफ्याला नख लावू नये, कुणी तिला घालवू नये, म्हणून हे रोज चालत होते. आणि ज्या चालण्यानं तिला वाचवायचं, त्याच चालण्यानं सोफा फाटत होता. हे त्यांच्या लक्षात आलं असेल रविवारी, तुम्ही तिला उचललंत तेव्हा. त्यांनी कबुलीही दिली. हाच हात आपटून दाखवला, सोफ्याकडे केला. मांजर कोंडल्यावर धागे थांबले, कारण खांब आणायचा कुणासाठी?"

"बाबा," दादा खुर्चीपाशी वाकला. "तुम्ही चालत होतात?"

बाबांनी मान हलवली. एकदा. मग डोळे मिटून घेतले, शिक्षेची वाट बघत असल्यासारखे.

दादा मटकन खाली बसला. "मी म्हणालो, तिला घालवतोच. ते सांगत होते आणि मी..."

वहिनींनी गोदामवाल्याकडे पाहिलं. "तुम्ही या आता. चुकलं आमचं."

तो पिंजरा घेऊन जिना उतरला.

ग्रंथपालनं न्हाणीघराचं दार उघडलं. शाई बाहेर आली नाही. बऱ्याच वेळानं आली ती भिंतीला अंग घासत, पोट जमिनीला टेकवून. इतकी माणसं पाहून बिथरली आणि सरळ दूरदर्शनच्या कपाटाखाली शिरली. ग्रंथपालनं हाक मारली, जमिनीवर पालथी पडून हात घातला. आतून फिसकारण्याचा आवाज आला.

"शाई, ये गं," ती म्हणत राहिली. "ये ना. बघ, बाबा आहेत. ये ना गं."

आली नाही. ग्रंथपालनं वाटीतलं पातळ वरण चमच्यात घेऊन बाबांच्या ओठांना लावलं. दात आवळलेलेच होते. ती मास्तरांकडे वळली, जणू त्यांना ठाऊक असेल आता काय करायचं. मास्तर वहीकडे बघत होते, डोळे पुसत. शिंकांमुळे असं त्यांनी नंतर सांगितलं.

बाबा कपाटाकडे बघत होते. खुर्चीपासून ते चार पावलांवर होतं. त्यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर रोवला आणि अंग पुढं झोकलं.

"बाबा, नको!" दादा उठला.

बाईंनी त्याच्या दंडाला धरलं. "त्यांना धरू नका. जवळ उभे राहा."

दादा जवळ उभा राहिला, दोन्ही हात पसरून, स्पर्श न करता. बाबा वीतभर उठले. क्षणभर तसेच राहिले आणि धपकन खुर्चीत कोसळले. तीन दिवसांच्या उपाशी पायांत काही उरलं नव्हतं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी उठलेही नाहीत. घशातून एक आवाज निघाला, शब्द नव्हे.

ते धापा टाकत बसून राहिले. कपाटाखालचे दोन पिवळे डोळे तिथूनच त्यांच्याकडे बघत होते.

मग त्यांची नजर मुलीच्या हातातल्या वाटीवर गेली. ती घाईनं चमचा पुढं करायला गेली, पण त्यांनी तिचा हात बाजूला सारला. वाटी मांडीवर ओढली. चमचा स्वतःच्या डाव्या हातात घेतला. अर्धं वरण सदऱ्यावर सांडलं, अर्धं आत गेलं.

कुणी पुसायला पुढं झालं नाही. ते खात होते, कुणाकडेही न बघता, घाईघाईनं, एखाद्या लांबच्या कामावर निघायचं असलेल्या माणसासारखे. वाटी संपल्यावर त्यांनी ती पुन्हा पुढं केली.